कोट दिला होता, खिसा नाही

दुबईच्या हवेत लोकरीचा कोट घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला.

कोट गडद निळा, जाडजूड, जहाजावरच्या अधिकाऱ्याचा. मूळच्या पितळी बटणांच्या जागी साधी काळी बटणं लावलेली, बाह्या मनगटापाशी आत मुडपून टाके घातलेल्या. डिसेंबर-जानेवारीत खाडीवरून सकाळी जरा गार वारा सुटला की चाचा तो चढवायचे आणि उन्हं तापून आम्ही सगळे घामाघूम झालो तरी उतरवायचे नाहीत. पण कोटापेक्षा त्याचा डावा खिसा विचित्र होता. तो तोंडाशी बारीक टाक्यांनी पक्का शिवून टाकलेला होता. आत काहीतरी होतं, कारण बोलता बोलता चाचांचा हात तिथं जायचा आणि खिसा चाचपून परत यायचा.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीहून नुकताच आलेलो, एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात क्लार्क. मोठी जहाजं तेव्हा खाडीत शिरत नसत. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून, म्हणजे लहान मालबोटींतून, काठाला यायचा. लाँचमधून त्या जहाजांवर जाऊन सह्या आणणं हे माझं काम. राहायला बर दुबईत, देवळाच्या गल्लीमागं, चाचांच्या घरी एक खोली मिळाली. चाचा दाभोळच्या बाजूचे कोकणी मुसलमान. तरुणपणी जहाजावर खलाशी होते, पुढं खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग झाले. अख्खी गल्ली त्यांना सारंगचाचा म्हणायची. आता वय झाल्यावर बोटींच्या दोरखंडांचं आणि शिडांच्या कापडाचं छोटं दुकान चालवत होते.

खोली बघायला गेलो तेव्हा चाचांनी आधी तिच्या उणिवा सांगायला सुरुवात केली. "ही भिंत उन्हाळ्यात तव्यासारखी तापते. या खिडकीतनं सुक्या मासळीचा वास येतो. छप्पर गळतं."

"इथं पाऊस कुठं पडतो, चाचा?"

"नाय पडत. पण पडला तर गळेल. मग तू म्हणशील, चाचानं सांगितलं नाय."

एवढा प्रामाणिकपणा मला तेव्हा संशयास्पदच वाटला होता. पुढं कळलं की हा काही माझ्यासाठी खास केलेला देखावा नव्हता, हा त्यांचा रोजचा आजार होता.

शेजारच्या बलुच हमालाची एक कोंबडी चाचांच्या अंगणात येऊन अंडं घालायची. चाचा ते अंडं रुमालात धरून बलुचाच्या दारात हजर. बलुच वैतागून म्हणायचा, "चाचा, एखादं तरी खाओ ना!" चाचांचं उत्तर ठरलेलं. "कोंबडी तुझी, अंडं तुझं. जागा माझी, ती तिला बसायला दिली." अखेर कंटाळून त्यानं ती कोंबडीच चाचांना देऊन टाकली. त्या दिवशी चाचांनी पहिल्यांदा त्या कोंबडीचं अंडं खाल्लं आणि गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. एकदा खाडी ओलांडताना अब्र्यात, म्हणजे तिथल्या होडीत, त्यांना कुणाचीतरी काड्यापेटी सापडली. अर्धी रिकामी. त्यापायी हा माणूस दुपारभर इकडून तिकडे होड्यांतून फिरत राहिला. जो तो म्हणे, "माझी." चाचा विचारत, "आत काड्या किती?" कुणाला सांगता येईना. मग काड्यापेटी तीच, चाचा तेच आणि दुपारचं जेवण गार.

"चाचा, काड्यापेटी फेकून द्या," मी म्हणालो.

"अल्लानं विचारलं, काड्यापेटी कुठं हाय, तर काय सांगू? क्लार्कसाहेबांनी फेकायला सांगितली?"

मला ते कायम क्लार्कसाहेब म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता खिशाची गोष्ट. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर चाचा मशिदीबाहेर रस्त्यावर उभे राहायचे. हरवल्या-सापडल्याची दवंडी मशिदीच्या आत देऊ नये असा दंडक, म्हणून बाहेर. अरबीत, उर्दूत आणि जहाजी इंग्रजीत एकच वाक्य ओरडायचे: "एका जर्मन माणसाची चीज माझ्यापाशी हाय. ज्याची असेल त्यानं खूण सांगावी न् घेऊन जावी."

"शुक्रवारच्या नमाजाला जर्मन कुठून येणार, चाचा?" मी एकदा विचारलंच.

"कोण कधी मुसलमान होईल सांगता येतं काय?"



चीज काय आहे ते मात्र ते कुणालाही सांगत नसत. सापडलेल्या वस्तूचं वर्णन आपण करायचं नाही; ते तिच्या मालकानं करायचं, म्हणजे भलताच कुणी हात मारून जात नाही, हा नियम. नियम चांगला आहे. पण त्याचा परिणाम असा झाला की खिशात सोनं आहे अशी सगळ्या बाजारात बोलवा उठली. तेव्हा दुबईत जो तो सोन्याचंच बोलायचा. कुणी म्हणे सोन्याचं घड्याळ आहे, कुणी म्हणे हिरा आहे, जर्मन राजाचा. एक ग्रीक खानसामा येऊन छातीठोकपणे म्हणाला, "माझी अंगठी." चाचांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "खलास. तुझी नाय." जाताना तो ग्रीक मलाच शिव्या देऊन गेला.

खरी हकीकत मला चाचांनी एका संध्याकाळी गच्चीवर सांगितली. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत ते एका इंग्रज मालाच्या जहाजावर खलाशी होते. दक्षिणेकडच्या समुद्रात, जिथं पाणी बर्फासारखं गार असतं, एका जर्मन लढाऊ जहाजानं ते बुडवलं. चाचा एका फळीला धरून तरंगत राहिले. हातपाय लाकडं झाल्यावर त्याच जर्मन जहाजाची एक होडी आली. तिच्यातला उंच, पिकल्या मिशांचा एक अधिकारी ओणवा झाला, काखेत हात घालून त्यानं त्यांना वर ओढलं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती त्याला. डेकवर नेल्यावर त्यानं आपल्या अंगातला कोट काढून चाचांच्या अंगावर चढवला आणि काही न बोलता निघून गेला.

"खाली कैद्यांच्या कोठडीत गेलो तेव्हा खिशात हात गेला," चाचा म्हणाले. "आत ही चीज. मी पहारेकऱ्याला म्हटलं, साहेबाला बोलाव, त्याची वस्तू राहिली. तर तो साहेब दुसऱ्या एका पकडलेल्या जहाजावर निघून गेलेला. पुन्हा दिसलाच नाय. आम्हाला सोमालियाच्या किनाऱ्यावर उतरवलं, मग इंग्रजांनी सोडवलं."

"पण कोट त्यानंच दिला ना तुम्हाला?"

"कोट दिला. खिसा नाय दिला. माणूस घाईत कोट देतो तेव्हा खिशात काय हाय ते बघतो काय?"

घरी आल्यावर त्यांनी चाचीकडून तो खिसा शिवून घेतला. वस्तू जिथं सापडली तिथंच राहिली पाहिजे, ती हलवण्याचा हक्क आपल्याला नाही, म्हणून. कोट वापरायचा, कारण तो आपला. खिसा बंद, कारण तो परक्याचा.

मशिदीतले मौलवी म्हणजे भला माणूस. त्यांनी चाचांना किती वेळा समजावलं की सापडलेल्या वस्तूची वर्षभर दवंडी दिली की झालं, पुढं तिचं काय करायचं ते तुम्ही करू शकता. चाचा म्हणायचे, "ही सापडलेली नाय. मालकाचं तोंड मी बघितलंय. ही अमानत, दुसऱ्याची ठेव. अमानतीला वर्षाची मुदत नसते." बरं, अमानत तर अमानत, मग ती उघडून दाखवा लोकांना. तर म्हणत, "दाखवू कशी? सापडलेल्या वस्तूचं वर्णन करायचं नसतं." म्हणजे दोन्ही कायद्यांतलं जड तेवढं वेचून आपल्या डोक्यावर घ्यायचं, ही त्यांची खोड. माझा नातू आता अबुधाबीत अल रीम आयलंडवर विसाव्या की कितव्याशा मजल्यावर राहतो. त्याला हे सांगितलं तर तो मोबाईलमधून डोकंही वर न काढता म्हणतो, "आजोबा, व्हाय डिडंट ही जस्ट ओपन इट?" नातवाला काय सांगायचं! मी स्वतः तेव्हा त्यांच्यासमोर बसून हाच प्रश्न मराठीत विचारत होतो.

मला हसू यायचं ते मात्र चाचीकडे बघितलं की थांबायचं.

चाचीला हजला जायचं होतं. लग्न झाल्यापासूनची तिची ती एकच मागणी. पण हजला निघण्याआधी माणसानं लोकांच्या अमानती परत केल्या पाहिजेत, आणि चाचांच्या खिशात तर परक्याची वस्तू शिवलेली. मौलवी म्हणाले, "मृत्युपत्रात लिहून ठेवा आणि जा." चाचा म्हणाले, "म्हणजे माझं ओझं लेकीच्या डोक्यावर?" लेक लग्न होऊन कोकणात. मुलगा नव्हता, आणि चाचीला घरच्या पुरुषाच्या सोबतीवाचून जाता येत नव्हतं. त्यातून तिचे डोळे चाललेले. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की डोळ्यांच्या आतली नस सुकत चालली आहे, ऑपरेशनचा उपयोग नाही, आहे तेवढं बघून घ्या. रंग तर तिला केव्हाच दिसेनासे झाले होते. सगळं धुकट दिसायचं, आणि ते धुकं दर महिन्याला दाट होत होतं.

"मक्केतला काबा मला हातानं चाचपून नाय बघायचा," ती मला चुलीपाशी बसून म्हणाली होती. "डोळ्यांनी बघायचाय. पण तुझ्या चाचाचा जर्मन काय भेटत नाय, आणि माझे डोळे काय थांबत नाय."

त्या दिवसापासून तो जर्मन माझ्याही डोक्यात बसला. जर्मन जहाज आलं की मी सह्या घेता घेता तिथल्या लोकांची वयं बघायला लागलो. एकदा एका तरुण अधिकाऱ्याला घरी घेऊन आलो. चाचांनी त्याला विचारलं, "लढाईत तू कुठं होतास?" तो म्हणाला, "शाळेत." चाचांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला, पोटभर जेवू घातलं आणि परत पाठवलं. मग मला म्हणाले, "क्लार्कसाहेब, जरा पिकलेला आणा."

पिकलेला मिळाला तो एका सिमेंटच्या जहाजाचा चीफ इंजिनिअर. साठीला टेकलेला, बोलायला रुक्ष, जहाजावरच्या उकडलेल्या बटाट्यांना कंटाळलेला. जहाज बरेच दिवस नांगरून राहणार होतं आणि पुढंही त्याच्या इकडे फेऱ्या होत्या. सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी म्हटल्यावर तो लगेच लाँचमध्ये उतरला. वाटेत मी त्याला चाचांची फळी, ती होडी आणि दोन बोटं नसलेला साहेब, सगळं सांगून टाकलं.

जेवण झालं. चाचांनी हात धुतले, टोपी नीट केली आणि पाहुण्याची बोटं दहाच्या दहा असली तरी नियम म्हणून ठरलेला प्रश्न विचारला. "मिस्टर, लढाईत तुमचं काय हरवलं?"

इंजिनिअरनं हात पुसून रुमाल खाली ठेवला. मग म्हणाला, "दोन भाऊ. घर. ज्या गल्लीत घर होतं ती गल्ली. तुम्हाला यातलं काय सापडलं?"

मी ते चाचांना मराठीत सांगितलं.  चाचांनी मान खाली घातली. "नाय," ते म्हणाले. "ते नाय सापडलं. इतकी वर्षं मी लोकांना काय विचारत फिरतोय, याचा मी विचारच नाय केला."

 तेवढ्यात चाची उठली. खुंटीवरचा कोट तिनं ओढला, जमिनीवर बसली, डाव्या खिशाचे टाके बोटांनी चाचपले आणि सुईनं एकेक उसवायला लागली.

"अगो, काय करतेस?" चाचा ताडकन उठले.

"शिवताना तुमचा हुकूम होता. उसवताना माझा."

"अगो, दाखवायचं नाय ते! कायदा हाय!"

"कायदा सापडलं त्याला. मला काय सापडलंय? आणि वर्णन करायचं नाय म्हणता, तर मला रंगच दिसत नाय. मी कशाचं वर्णन करणार? मी आपली एक वस्तू पाहुण्याच्या हातावर ठेवते. पाहुण्याला डोळे हायत, तो बघेल."

चाचा इतके गोंधळले की काय करावं ते न सुचून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत नाय," ते भिंतीला म्हणाले. "मी दाखवलं नाय न् मी बघत नाय."

चाचीनं खिशातून ती चीज काढून इंजिनिअरच्या तळहातावर ठेवली. मी सोन्याच्या अपेक्षेनं पुढं वाकलो. बोटभर लांबीची एक पट्टी होती. तिच्यावर रंगीत फितींचे लहान तुकडे शेजारी शेजारी ताणून बसवलेले, मागं गंजलेली पिन. सैनिक छातीवर पदकांऐवजी लावतात ती पट्टी. या एवढ्याशा चिंधीसाठी एक बाई हजला जाऊ शकत नव्हती. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

इंजिनिअरनं चष्मा लावला. अंगठ्यानं एकेक फीत पुसत तो बोलायला लागला. "ही काळी-पांढरी. पहिल्या लढाईतल्या शौर्याची. लाखोंना मिळाली, हिच्यावरून काही कळत नाही. शेवटून दुसरी ही फीत, लढाईत होते त्या सगळ्यांना नंतर वाटली. पण ही तांबडी, पांढऱ्या रेघांची, ही तुर्कांच्या सुलतानाची. म्हणजे हा माणूस पहिल्या लढाईत तुर्कांच्या बाजूला होता. तिकडे आमचे खलाशी थोडे गेले." मग त्यानं अंगठा एका नारिंगी फितीवर ठेवला. तिच्या दोन्ही कडांना पांढरी रेघ होती. "आणि ही लढाईची नव्हेच. ही स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा वाचवल्याबद्दल देतात. खलाशाला मिळाली, म्हणजे बहुतेक पाण्यातूनच काढलं असणार कुणाला."

भिंतीकडून आवाज आला. "कुणाला काढलं होतं?"

"ते या फितीवर नसतं. तुमच्या आधीचं कुणीतरी."

"म्हणजे मी पहिला नाय," चाचा म्हणाले आणि शेवटी वळले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. आपल्याला ओढून काढणारा माणूस या कामात जुना होता, हे त्यांना फार आवडलं.

इंजिनिअर आता रुक्ष राहिला नव्हता. त्यानं बोटांवर मोजत हिशेब मांडला: पहिल्या लढाईत तुर्की समुद्र, मग कुणालातरी वाचवलेलं, दुसऱ्या लढाईत अशा जहाजावर अधिकारी, आणि डाव्या हाताला तीन बोटं. एवढ्या चाळण्या लावल्या तर फार माणसं उरत नाहीत. त्याच्या गावात एका खानावळीत जुने दर्यावर्दी जमतात, तिथं विचारीन म्हणाला. पट्टी बरोबर न्यायला त्यानं हात पुढं केला, तर चाचांनी ती परत घेतली.

"ती इथंच राहील. आणि त्याला सांगायचं नाय काय हाय ते. विचारायचं, तुझं काय हरवलं? त्यानं बरोबर सांगितलं तर तो मालक."

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यानं कबूल केलं. जाताना जिन्यात मला म्हणाला, "हा माणूस आमच्या कस्टममध्ये हवा होता." तो गेल्यावर चाचांनी खिसा पुन्हा शिवून घेतला. चाचीनं नुसत्या बोटांच्या अंदाजानं शिवला. या खेपेचे टाके पार वाकडेतिकडे आले होते.

पुढच्या फेरीला तो एक बातमी घेऊन आला. त्याला एक माणूस सापडला होता, तुर्की समुद्रातला, वयानंही जुळणारा. काय हरवलं विचारल्यावर तो म्हणाला, चांदीची सिगारेटची डबी. चाचा म्हणाले, "खलास. तो नाय." इंजिनिअर कुरकुरत म्हणाला, बोटं मात्र त्याला दहा होती, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. चाचीनं आम्हाला चहा ओतला. माझा कपाच्या शेजारी, बशीत. मी ती बशी तशीच उचलून प्यायलो. चाचांनी ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

हजचे दिवस जवळ येत होते. गल्लीतली दोन कुटुंबं निघायची तयारी करत होती. चाचीनं त्यांना डबे भरून दिले, खोबऱ्याच्या वड्या, चटण्या. स्वतःविषयी काही बोलली नाही. एरवी बोलून बोलून चाचांना भंडावून सोडणारी बाई गप्प झाली, आणि ते गप्प होणंच चाचांना सोसेना. त्यांनी शुक्रवारची दवंडीही बंद केली. एकदा मला म्हणाले, "क्लार्कसाहेब, मी चुकतोय काय रे?" मी म्हणालो, "हो." ते म्हणाले, "मला पण तसंच वाटतं. पण ते वाटतं म्हणून अमानत माझी होत नाय."

अशात ते सिमेंटचं जहाज पुन्हा आलं. मी लाँचमधून गेलो तर इंजिनिअर वर कठड्याशी उभाच होता. "सापडला?" मी खालूनच ओरडलो. त्यानं होकारार्थी मान हलवली, पण पुढं काही सांगेना. सांगेन ते त्या म्हाताऱ्यालाच, म्हणाला. 

घरी आलो. चाचा, चाची समोर बसले. इंजिनिअर म्हणाला, "माणूस तोच. तीन बोटं. आता म्हातारा झालाय, एका नदीच्या मुखाशी मुलीकडे राहतो. तुम्ही सांगितलं तसं विचारलं, तुमचं समुद्रावर काय हरवलं?"

"मग?"

"तो म्हणाला, काही नाही."

चाचांचा चेहरा उतरला. चाचीनं डोळे मिटले. मला तर त्या इंजिनिअरला खाडीत ढकलावंसं वाटलं.

"थांबा," तो म्हणाला. "तो म्हणाला, हरवलं काहीच नाही. एकदा दिलं होतं. ते विचारताय का?"

 इंजिनिअर सावकाश बोलत गेला आणि मी ते मराठीत सांगत गेलो. त्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं ते असं. तरुणपणी एका माणसाला पाण्यातून काढल्याबद्दल त्याला ती नारिंगी फीत मिळाली होती. पण त्या सकाळी आपल्याच जहाजानं इतकी माणसं पाण्यात लोटलेली त्यानं डेकवरून बघितली आणि ती पट्टी छातीवर ठेवायची त्याला लाज वाटली. त्यानं ती काढली. समुद्रात फेकणार होता. मग होडी घेऊन गेला, एक कुडकुडणारा पोरगा हाताला लागला. डेकवर आल्यावर त्यानं पट्टी कोटाच्या डाव्या खिशात घातली आणि कोट त्या पोराला दिला. पाण्यातून जो येतो त्याचीच ती, असं त्याला वाटलं.

चाचा पुढं सरकले. "डाव्या खिशात?"

"डाव्या."

"स्वतःच्या हातानं? ठाऊक असून?"

"स्वतःच्या हातानं. आणि त्यानं दोन गोष्टी विचारल्यात. तो पोरगा जगला का, आणि कोट त्याला बसला का?"

"लांब होता," चाचा म्हणाले. "सांगा त्याला, बाह्या लांब होत्या. मुडपून घेतल्या." आणि मग तो सगळ्या जहाजांवर हुकूम चालवलेला सारंग तोंडावर हात धरून लहान पोरासारखा रडायला लागला. इतकी वर्षं त्यांना एकच भीती होती, की ज्यानं जीव वाचवला त्याचीच वस्तू आपल्या अंगावर राहून गेली. ती भीती त्या एका मिनिटात संपली. मीही रडलो. इंजिनिअर उगाच चष्मा पुसत बसला.

रडली नाही ती फक्त चाची. ती चिडली. "अवो, म्हणजे माणसानं दिलेलं परत करायला तुम्ही जन्मभर हिंडत होतात? आणि मी इथं वाट बघत होते?"

"मला काय ठाऊक, दिलं होतं ते?"

"उघडून दाखवलं असतं तर कळलं असतं कवाच!"

 चाचांनी चाकूनं खिसा उसवला, पट्टी काढली, हातात धरून बघितली आणि इंजिनिअरला विचारलं, "आता ही माझी ना? पक्की?"

"पक्की."

"मग माझी वस्तू मी कुणालाही देऊ शकतो. ही त्याला द्या. म्हणावं, दाभोळच्या माणसानं भेट पाठवलीय. परत नाय केली, भेट दिलीय. आता लाजू नको, लाव छातीवर. एकाऐवजी दोघांना काढलंस पाण्यातनं." मग चाचीकडे वळून म्हणाले, "यल्ला, चल, बांधाबांध कर."

हाजींच्या शेवटच्या जहाजात त्यांना जागा मिळावी म्हणून मी ऑफिसातल्या झाडून सगळ्या ओळखी वापरल्या. निरोपाच्या दिवशी चाची लाँचमध्ये बसली ती चाचांच्या दंडाला धरून, काठ कुठल्या बाजूला आहे हेही तिला कळत नव्हतं. उलट्याच दिशेला तोंड करून ती आम्हाला हात हलवत राहिली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी काही नमाजी नाही, पण संध्याकाळी देवळात जाऊन चाचीच्या डोळ्यांसाठी नारळ ठेवून आलो. ठेवताना देवाला म्हटलं, काम तुमच्या खात्यातलं नाही, पण बघा काही जमलं तर.

ते परत आले तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो. चाचा आधी उतरले, मुंडण केलेले, उन्हानं रापलेले, आणि त्यांनी चाचीला हात धरून उतरवलं. ती माझ्या समोर हातभर अंतरावर आली तरी मी बोलेपर्यंत तिनं मला ओळखलं नाही.  काय विचारायचं होतं ते ओठांवर होतं, पण धीर होईना. मी सामानाचं विचारलं, समुद्र लागला का विचारलं, पाण्याचं विचारलं.

"अरे, विचार ना ते," चाची म्हणाली. "घाबरतोस कशाला?"

"काबा दिसला, चाची?"

तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हसत होती.

"अरे, एवढा मोठा काळा, आणि भोवती सगळी माणसं पांढरी. न दिसायला काय झालं?"